शिपाईबाबांचा डावा पाय

तीर्थस्वरूप आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो, आणि हे पत्र वाचून होईपर्यंत ते तिथून उचलत नाही, म्हणजे तुला जे काही मारायचं असेल ते पाठीवरच बसेल. तुझी कंबर कशी आहे? दाढ काढून घेतलीस, की अजून त्या दातांच्या डॉक्टरला शिव्या घालूनच दुखणं भागवतेस? काकांचा खोकला गेला असं मी धरून चालतो, कारण गेला नसला तर इथून मला काही करता येण्यासारखं नाही. माझं म्हणशील तर मी सुखरूप आहे आणि सगळी बोटं जागच्या जागी आहेत (लाकडाच्या वखारीत काम करणाऱ्याने घरच्या पत्रात हे आधी लिहायचं असतं, बाकीचं सगळं नंतर). जेवण वेळेवर होतं. पण पोटात हल्ली भीतीने असं घर केलंय की अन्नाला जागाच उरत नाही. तू म्हणशील, हा भित्रा काय आजचा आहे. नाही. पण आधी मी जिवंत माणसांना भ्यायचो, कुत्र्यांना भ्यायचो, तुला भ्यायचो. मेलेल्या माणसाला भ्यायची ही पहिलीच वेळ, आणि तो मेलेला माणूसही आपलाच.

निघताना तू माझा दंड धरून जे सांगितलं होतंस ते मी विसरलो नाही, हे तुला कळावं म्हणून पुन्हा लिहून दाखवतो. तुझे पणजोबा, म्हणजे माझे खापरपणजोबा, ज्यांना घरात सगळे शिपाईबाबा म्हणतात, ते साधे शेतकरी. हातातला नांगर सोडून लढाईवर गेले आणि डाव्या कानाचा अर्धा तुकडा व डाव्या गुडघ्याचं वाकणं तिकडेच ठेवून आले. पण लढाई संपल्यावर लगेच आले नाहीत. घरच्यांनी आशा सोडली, शेजाऱ्यांनी शेतावर डोळा ठेवला, आणि मग बऱ्याच वर्षांनी एका सकाळी बांधावरून काठी टेकत आले, बायकोला म्हणाले वाढ, आणि दुसऱ्या दिवशी नांगर धरला. मधे कुठे होते ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही (आपल्या घरात विचारायचं ते कुणी विचारत नाही, नको ते सगळे विचारतात). वरच्या आळीतली ती म्हातारी, जिला तू भिंतीपलीकडची जीभ म्हणतेस, ती अजून म्हणते की तुमचा शिपाई लढलाच नाही, कुठेतरी लपून बसला होता. म्हणून तू मला बजावलंस की तू मजुरीला चाललायस त्याच मुलखात ती लढाई झाली, तिथे ती मधली वर्षं शोध, आणि सापडल्याशिवाय मला तोंड दाखवू नकोस. आत्या, ती वर्षं सापडली. पण तोंड दाखवायची भीती आता आधीपेक्षा जास्त वाटते.

आधी मी रीतसर शोध केला. जुन्या छावणीच्या इमारतीत गेलो तर तिथे आता बटाटे साठवतात. पहारेकऱ्याला विचारलं, इथे शिपाई असायचे का, तर तो म्हणाला असतील, आता बटाटे आहेत, आणि माझे खिसे चाचपून मला बाहेर काढलं. चौकात लढाईचा दगडी खांब आहे, त्यावर नावं कोरलेली आहेत. मान मोडेपर्यंत वाचली (अक्षराला अक्षर जुळवून वाचायला मला वेळ लागतो, त्यात कबुतरांनी निम्मी अक्षरं झाकून टाकलीत), आपलं नाव नाही. मग तिथे ऊन खात बसलेला एकजण म्हणाला, अरे हे सगळे मेलेले आहेत. म्हणजे शिपाईबाबा जगले एवढ्याच कारणासाठी त्यांची इथे कुणी दखल घेतली नाही. शेवटी कचेरीत गेलो. तिथल्या साहेबाने विचारलं, तुमचा माणूस लढाईत होता याला पुरावा काय. मी म्हणालो, कान. तो म्हणाला, आणलाय का? त्यानंतर त्या रस्त्याने मी जात नाही, लांबचा फेरा घेतो.

इथवर येऊन मी शोध सोडून दिला असता आणि तुला एखादी बरीशी गोष्ट रचून पाठवली असती (रागावू नकोस, पाठवली नाही ना), पण मधे धारवाली आली. हे तुला पहिल्यांदाच सांगतोय म्हणून हळूहळू सांगतो, तूही हळूहळू वाच. आमच्या वखारीत करवतींना धार लावायचं काम एक मुलगी करते. खिडकीपाशी बसते, पातं लाकडी चापात आवळलेलं, डोळ्यांवर जाड चष्मा, हातात कानस, आणि एकेक दात घासताना ओठ असे घट्ट मिटते की जणू दात तिचाच आहे. सगळी वखार तिला धारवाली म्हणते आणि वचकून असते, कारण कुणी आळसाने बोथट करवत तशीच रेटली असेल तर तिला दातांवरून कळतं, मग ती मिस्त्रींना सांगते, आणि मिस्त्री म्हणजे तिचे वडील. मी सगळ्यात जास्त घाबरायचो, म्हणून सगळ्यात जास्त वेळा तिच्याकडे जायचो. चांगली धार असलेली पातीसुद्धा घेऊन जायचो. एकदा तिने चष्मा कपाळावर चढवून विचारलं, हे दगडावर घासून आणलंस का. मी खोटं बोलायला तोंड उघडलं, पण बोबडी वळली आणि हो म्हणून बसलो. ती हसली नाही. नुसतं म्हणाली, पुढच्या वेळी मोकळ्या हाताने ये, पात्याचं वाटोळं करू नकोस. आत्या, ज्याला तू भिंगरी म्हणतेस, जो कुठल्याच कामावर एक हंगाम टिकला नाही, तो त्या दिवसापासून या वखारीत खुंटा ठोकल्यासारखा बसलाय.

मिस्त्री फार बोलत नाहीत (करवतीच्या आवाजात आयुष्य गेलं, बोलून उपयोग नाही हे त्यांना लवकर कळलं). एक दिवस जवळ येऊन म्हणाले, सुटीच्या दिवशी दुपारी घरी ये, आमच्या आजोबांना तुला बघायचंय, आणि मोठी करवत सुरू करून टाकली. आजोबा म्हणजे मिस्त्रींचे वडील, पण धारवालीचे आजोबा म्हणून सगळे त्यांना आजोबाच म्हणतात. मी शेजाऱ्याचा सदरा घालून गेलो. लांबट खोली, भिंतीला लागून बुटकी बाकं, मधल्या टेबलावर पाण्याचे पेले. आजोबा समोर, हातात माझ्या मनगटाएवढी जाड काठी. बाजूला मिस्त्री, मिस्त्रींचा धाकटा भाऊ, त्याची मुलं. मी बसलो आणि मान खाली घातली, कारण अशा वेळी खाली बघितलेलं बरं दिसतं. खाली बघतो तर समोर सगळ्यांचे डावे पाय लांब केलेले. उजवा घडीत, डावा सरळ, टाच जमिनीला, बोटं छताकडे. म्हाताऱ्यापासून शेंबड्या पोरापर्यंत, फळ्या रचून ठेवाव्यात तसे, एका ओळीत.

आता आपल्या घरात कसं बसतात हे तुला सांगायला नको. आपल्यात कुणाचा पाय दुखत नाही, कुणाच्या गुडघ्याला काही झालेलं नाही. पण शिपाईबाबांचा डावा पाय वाकत नव्हता, तो बघून बघून त्यांची पोरं तशीच बसायला लागली, त्यांचं बघून नातवंडं, आणि आता आपल्याला वाटतं की माणसं अशीच बसतात. दुसऱ्या कुठल्याही घरात असं बसलेलं मी आजवर पाहिलं नव्हतं. पाहिलं ते नेमकं जिथे सोयरीक जुळवायला गेलो तिथे. आणि माझा स्वतःचा डावा पाय, गाढव कुठला, तोवर आपोआप लांब होऊन त्यांच्या ओळीत जाऊन बसला होता. मी तो असा ओढून घेतला की बाकाचा खिळा वाजला. आजोबा म्हणाले, असू दे की लांब, आमच्यात असंच बसतात. मी म्हणालो नको, मला घडी घालूनच बरं वाटतं. पोटरीत गोळा आला होता आणि डोळ्यांत पाणी. धारवाली दारात उभी राहून चष्म्यातून सगळं बघत होती.

मग आजोबांनी, कुणी न विचारता, ते बसणं कुठून आलं ते सांगायला घेतलं. आमचा शिपाई, असं ते म्हणतात, आपण म्हणतो त्याच अभिमानाने. त्यांच्या आजीचं नदीकाठी थोडं शेत होतं. लढाई संपली तेव्हा एक परमुलखातला शिपाई तिच्या गोठ्यात येऊन पडला, पायात गोळी, अर्धा कान गेलेला. तिने त्याला वाचवला. तो राहिला, शेत केलं, घर केलं, आणि त्याचंच रक्त आमच्या अंगात आहे, असं म्हणून आजोबांनी काठी आपटली. मला काय झालं कुणास ठाऊक. भीतीने माझं तोंड बंद व्हायच्या ऐवजी उघडतं, हे तू मला लहानपणापासून सांगत आलीस. मी म्हणालो, आमच्याकडेही एक अर्ध्या कानाचा होता. आजोबा पुढे वाकले. अर्ध्या कानाचा काय? मी म्हणालो, बैल.

आत्या, इतकी बिनकामाची थाप मी उभ्या आयुष्यात मारली नसेन. पण पुढे ऐक. आजोबांचा चेहरा असा उजळला की माझ्या काळजाचं पाणी झालं. कारण गोष्ट अजून संपली नव्हती. एका पहाटे म्हणे त्यांचा बैल सुटून गेला. शिपाई काठी घेऊन बैलाच्या मागे गेला, तो परत आला नाही. ना माणूस आला ना बैल. आणि आज इतक्या वर्षांनी त्यांच्या घरात एक पोरगा येऊन सांगतो की आमच्याकडे एक अर्ध्या कानाचा बैल होता. तुमचा बैल अर्ध्या कानाचा होता का, असं मी अगदी बारीक आवाजात विचारलं. आजोबा म्हणाले, कुणाला आठवतंय, पण शिपाई ज्याला जीव लावेल तो तसाच असणार. मग त्यांनी मला बैलाचा रंग विचारला, शिंगं विचारली, कुठल्या दिशेने आला ते विचारलं, आणि मी सांगत गेलो. शेवटी ते म्हणाले की बैल तुमच्या गावात पोचला असेल तर त्याच्या मागोमाग माणूसही पोचला असेल. घरी पत्र लिही, तुमच्याकडे जे कुणी जाणतं असेल त्याला विचार. आणि काठीवर दोन्ही हात ठेवून मिस्त्रींकडे बघत म्हणाले, "त्याच्या माणसांतला एक जरी कधी माझ्यासमोर आला, तर मी त्याला एकच गोष्ट विचारणार आहे." काय विचारणार ते सांगितलं नाही. ती काठी बघून मीही विचारलं नाही.

त्यानंतर माझी जी अवस्था झाली ती शत्रूचीही होऊ नये. शिपाईबाबा त्यांचेही आणि आपलेही, तर धारवाली माझी कोण? वखारीच्या मागे भुसा पसरून बोटाने वंशावळ काढली. पहिल्यांदा ती माझी आत्या निघाली (तेव्हा मला दरदरून घाम फुटला, कारण एक आहेस तेवढी पुरे). पुसून परत काढली तर भाची निघाली. पुन्हा काढली तर बहीण, आणि तेच खरं असावं, कारण त्या वेळी मी सावकाश मोजलं होतं. नातं कुठलंही निघालं तरी बायको काही निघत नव्हती. शिंक आली आणि सगळी वंशावळ उडून गेली, पण मनातून जाईना. धारवालीकडे बघायची हिंमत होईना. बोथट पाती तशीच रेटायला लागलो. तिने मिस्त्रींना सांगितलं नाही. ते जास्त वाईट वाटलं.

शेवटी जीव मुठीत धरून मी आजोबांच्या थोरल्या बहिणीकडे गेलो. या थोरल्या आजी लॉंड्रीच्या मागच्या खोलीत एकट्या राहतात, डोळ्यांनी फारसं दिसत नाही, ऐकू मात्र नको तेवढं येतं. वखारीतल्या लाकडाच्या ढलप्या जळणासाठी द्यायच्या निमित्ताने गेलो आणि आडून आडून विचारायला लागलो. थोरल्या आजी म्हणाल्या, कुठला तू? मी गावाचं नाव सांगितलं. त्या हात पुढे करत आल्या, आणि काय सांगू, सरळ माझा डावा पाय चाचपला. तो लांब होता. मला भानच नव्हतं. त्या बराच वेळ पाय धरून बसल्या, आणि मग जे बोलल्या ते तुला जसंच्या तसं सांगतो.

त्यांच्या आजीचा नवरा दोर वळायचा, तो तापाने गेला. शिपाई गोठ्यात येऊन पडला तेव्हा त्यांचा बाप, म्हणजे त्या आजीचा मुलगा, चांगला चालता-बोलता होता. शिपाई काही त्याचा बाप नव्हता. ते पोर दिवसभर शिपायाच्या मागे मागे असायचं, आणि तो बसला की आपलाही धडधाकट पाय लांब करून त्याच्या शेजारी बसायचं. रक्ताचं काही नाही, सगळं बघून बघून आलेलं. शिपायाने तिथे शेत केलं, पण घरी बायको आहे हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि झोपायचा तो शेवटपर्यंत गोठ्यातच. पाय दूरवर चालण्याजोगा व्हायला ती सगळी वर्षं लागली. तो झाला तशी त्या बाईने स्वतः भाकरी बांधून दिली आणि म्हणाली, जा. मी विचारलं, मग बैल? थोरल्या आजी हसल्या. "बैल आमचा कुठला, शेजाऱ्याचा. आणि तो त्याच्याच गोठ्यात होता." पोर रडेल म्हणून तिने सांगितलं की बैल शोधायला गेलाय. पोर म्हातारं होऊन मेलं तरी त्याला तेच खरं वाटत होतं.

आत्या, मला नाचावंसं वाटलं. धारवाली माझी कुणी नाही, कुणी म्हणजे कुणी नाही, देवाशप्पथ परकी आहे. मी म्हणालो, आजी, हे आजोबांना सांगा, आजच सांगा. त्यांनी माझा पाय सोडून दिला. म्हणाल्या, लहानपणी गल्लीतली पोरं माझ्या भावाला आगापिछा नसलेला म्हणून मारायची. शिपायाचा नातू म्हटल्यापासून मारायची थांबली. तो त्या एका गोष्टीवर उभा राहिला, संसार केला, म्हातारा झाला. आता या वयात मी त्याच्या खालून ती काढून घेऊ? मी मान हलवली. त्यांना दिसलं नसेल, पण कळलं असावं.

तेव्हा मी असं ठरवलंय. तुझी मधली वर्षं तुला मिळाली, आणि ती अगदी स्वच्छ निघाली, वरच्या आळीच्या तोंडावर मारण्यासारखी. पण आजोबांना यातलं काही सांगायचं नाही. त्यांच्यापुरता आपल्याकडे शिपाई नव्हताच, फक्त बैल होता. पत्राने विचारलं तर एवढंच लिहायचं, की होता एक अर्ध्या कानाचा बैल, पांढरा, एक शिंग जरा वाकडं, उगवतीकडून आला (हे सगळं मी सांगून बसलोय, बदलू नकोस), त्याच्यामागून माणूस आला नाही. मग माझं लग्न होईल आणि कुणाचं काही बिघडणार नाही. काकांना नमस्कार. दाढ काढून घे.

तुझा, शेजाऱ्याच्या सदऱ्यात अजून थरथरणारा,
भिंगरी

ता. क. लग्नाला सगळे याल तेव्हा कृपा करून पाय दुमडून बसा. आजपासून सवय करा. काकांना जमणार नाही, त्यांना उभंच ठेवा. एका बाजूला आपली अख्खी फौज आणि दुसऱ्या बाजूला त्यांची, सगळ्यांचे डावे पाय समोरासमोर, हे चित्र डोळ्यांसमोर आलं की मला जेवण जात नाही.

दुसरा ता. क. वरचं सगळं लिहून झालं आणि सगळंच फिसकटलं. पत्र लिहिलं का ते बघायला आजोबा स्वतः वखारीत आले. जेवणाची सुटी होती, मी ओंडक्यावर बसलो होतो, आणि माझ्या कर्माने पाय लांब होता. ते किती वेळ उभं राहून बघत होते कुणास ठाऊक. मग येऊन शेजारी बसले. आपला डावा पाय माझ्या पायाशेजारी लांब केला. दोन्ही पायांकडे बघितलं. काठी वर उचलली नाही, खाली ठेवली, त्यानेच मी जास्त घाबरलो. आणि म्हणाले,

"तो घरी पोचला का रे?"

आत्या, मी किती थापा तयार ठेवल्या होत्या. एकही आली नाही. मी म्हणालो, पोचला. त्यांनी विचारलं, पायी? मी म्हणालो, पायी. मग? मग म्हणालो, जेवला, आणि दुसऱ्या दिवशी नांगर धरला. त्यांनी माझ्या पायावरचा भुसा झटकला. मग म्हणाले की त्यांची आजी म्हातारपणी थंडी पडली की दाराशी जाऊन बसायची आणि म्हणायची, त्या पायाने एवढी वाट कशी चालला असेल, कुठे ओढ्याबिढ्यात तर पडला नसेल. शिपाई बैलामागे गेला तर बाईला वाटेची काळजी कशाला, हे त्यांना तेव्हा कळलं नाही, आणि विचारायचं राहून गेलं. म्हणजे त्यांचा राग नव्हताच कधी. सगळं घर इतकी वर्षं त्याच्या काळजीत होतं. मग त्यांनी विचारलं, आणि तो बैल? मी खरं सांगितलं. तेव्हा मात्र काठी उचलली आणि माझ्या पाठीत एक घातली. म्हणाले, ही बैलाबद्दल.

आणि मग माझ्या गळ्यात हात टाकून त्यांनी सगळ्या वखारीला सांगितलं की हा आपल्या शिपायाचा पोरगा, हा माझा नातू. नातू म्हणाले, आत्या. भर वखारीत, सगळ्यांच्या साक्षीने मी धारवालीचा भाऊ झालो. मिस्त्रींनी येऊन पाठ थोपटली, नेमकी काठी बसली होती तिथेच. खिडकीतला कानशीचा आवाज बंद झाला.

संध्याकाळी मी धारवालीला थोरल्या आजींचं बोलणं सांगितलं. चष्मा काढून ती बराच वेळ पुसत राहिली. म्हणाली, "आजोबांना हे सांगणार असशील तर माझ्याशी लग्न करू नकोस. आणि न सांगता लग्न कसं होणार ते तुझं तू बघ." मग म्हणाली, आणि लवकर बघ.

तिसरा ता. क. (यापुढे कागद नाही). वखारीचा ट्रक उद्या फळ्या घेऊन तुमच्या बाजूला निघतोय. आजोबांना शिपायाचं शेत बघायचंय, त्यांना शिपायाच्या माणसांना भेटायचंय, आणि ते ड्रायव्हरशेजारी बसून येतायत. मी अडवायला गेलो तर म्हणाले, पत्र दे, मीच पोचवतो. त्यामुळे हे पत्र टपालाने नाही, त्यांच्याच खिशातून येतंय. सरसाने चारही बाजूंनी चिकटवलंय. वाटेत फोडलं नसेल अशी आशा आहे, फोडलं असेल तर माझं इकडे काय होईल ते होवो.

आता खरं मागणं. आत्या, ते आपल्या रक्ताचे नाहीत हे त्यांना कळायला हवं, आणि ते आपले नाहीत असं त्यांना वाटता कामा नये. मला हे जमणार नाही, माझं तोंड कसं उघडतं ते तुला माहीत आहे. तुला जमेल. त्यांना सांग की शिपाईबाबा कधीमधी बांधावर बसले की तिकडच्या एका पोराची आठवण काढायचे. दोर वळणाऱ्याचं पोर, पाय चांगला असून उगाच लांब करून शेजारी बसायचं. म्हणायचे की माझं नव्हतं ते, पण माझ्यासारखं बसायला कुणी शिकलं असेल तर पहिलं तेच. आपली पोरं नंतरची. ते असं कधी म्हणाले का, मला माहीत नाही. पण मधली वर्षं कुठे होते हेही ते कुणाला म्हणाले नव्हते, आणि ती होतीच की.

वाचून झालं असेल तर आता मान वर कर. ते तुझ्याकडेच बघत असतील.